फायरवॉलमागच्या क्लाउड डेटाबेसला किल्ली कशी पोहोचवायची

स्वतःच्या किल्लीने डेटाबेस एन्क्रिप्ट करायचं ठरतं. व्हॉल्टमध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या क्लाउड सेवेत, किल्ली तयार होते, परवानग्या दिल्या जातात, सगळं सुरळीत चालू असतं. मग सुरक्षा तपासणीत कुणीतरी विचारतं, हा व्हॉल्ट इंटरनेटवर उघडा का आहे? त्यावर फायरवॉल लागते आणि थोड्या वेळात डेटाबेस कनेक्शन नाकारू लागतो. दडपणाखाली सर्वांत सोपा उपाय केला जातो: व्हॉल्ट पुन्हा सगळ्या नेटवर्कना खुला. डेटाबेस सुरू होतो आणि ती तात्पुरती सूट कायमची होऊन बसते.

हे टाळता येतं आणि त्यासाठी खोल क्रिप्टोग्राफी यावी लागत नाही. एक प्रश्न मात्र प्रत्येक पायरीवर विचारावा लागतो: या क्षणी किल्ली नेमकं कोण मागतंय, आणि ती मागणी कुठल्या नेटवर्कमधून येतेय? याचं उत्तर कागदावर उतरवल्याशिवाय फायरवॉलचा एकही नियम लिहू नका. खाली मुख्य उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या अझूर एसक्यूएल डेटाबेस आणि अझूर की व्हॉल्टचं आहे, कारण तिथे नेटवर्कचा भाग ठळकपणे समोर येतो. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस आणि गुगल क्लाउडमध्ये काय बदलतं ते पुढे येईल.

आधी किल्ल्यांची उतरंड

डेटाबेसमधली माहिती व्हॉल्टमधल्या किल्लीने थेट एन्क्रिप्ट होत नाही. डिस्कवर जाणारं प्रत्येक पान एका वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट होतं. तिला डेटा किल्ली म्हणू. अझूर एसक्यूएलमध्ये ती एईएस २५६ प्रकारची असते आणि डेटाबेससोबतच साठवलेली असते, पण गुंडाळलेल्या, म्हणजे स्वतःही एन्क्रिप्ट झालेल्या रूपात. तिला गुंडाळणारी ती मुख्य किल्ली, आणि तुमच्या ताब्यात असते ती हीच. तिचा खासगी भाग उघड्या रूपात व्हॉल्टच्या बाहेर येत नाही. डेटाबेस सुरू होताना सेवा गुंडाळलेली डेटा किल्ली व्हॉल्टकडे पाठवते, व्हॉल्ट ती सोडवून परत देतो आणि मग डेटाबेस ती मेमरीत ठेवून काम करतो.

या रचनेचे परिणाम नीट लक्षात घ्या. मुख्य किल्ली बदलली तरी सगळा डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागत नाही. फक्त डेटा किल्ली नव्याने गुंडाळली जाते, म्हणून डेटाबेस कितीही मोठा असला तरी हे काम पटकन होतं. उलट, मुख्य किल्ली कायमची गेली तर डेटाबेस आणि त्या किल्लीखालचे सगळे बॅकअप वाचता न येणारे बाइट होऊन राहतात. सेवा पुरवणारी कंपनीही ते परत आणू शकत नाही.

आणि सर्वांत फसवा परिणाम असा, की व्हॉल्टची वाट बंद केल्याक्षणी काहीच बिघडत नाही. डेटा किल्ली मेमरीत असते, सेवा व्हॉल्टची चौकशी ठरावीक अंतराने करते. अझूर एसक्यूएलमध्ये किल्लीपर्यंतची वाट तुटल्यावर साधारण दहा मिनिटांच्या आत डेटाबेस कनेक्शन नाकारू लागतो. म्हणजे फायरवॉलचा नियम बदलून, ॲप चालू असल्याची खात्री करून तुम्ही जागेवरून उठता, आणि त्यानंतर ते बंद पडतं. नियम बदलल्यावर निदान पंधरा मिनिटं नजर ठेवा, असा माझा आग्रह याचसाठी आहे.

पहिली पायरी: मागणाऱ्यांची यादी करा

एन्क्रिप्शन दोन ठिकाणी होऊ शकतं आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिला प्रकार सर्व्हरच्या बाजूचा. अझूर एसक्यूएलचं पारदर्शक एन्क्रिप्शन, म्हणजे टीडीई, या प्रकारात येतं. इथे किल्ली मागते ती डेटाबेस सेवा, तेही तिच्या स्वतःच्या नेटवर्कमधून. क्लाउडमधल्या तुमच्या खासगी, म्हणजे व्हर्च्युअल, नेटवर्कशी, त्याच्या सबनेट नावाच्या भागांशी, ॲपच्या सर्व्हरशी या मागणीचा संबंध नसतो. नवशिके तासन्‌तास ॲपच्या सबनेटचे नियम तपासत बसतात ते हे लक्षात न आल्यामुळे.

दुसरा प्रकार क्लायंटच्या बाजूचा. 'ऑलवेज एन्क्रिप्टेड'मध्ये ठरावीक रकान्यांमधला डेटा ॲपमधला ड्रायव्हर एन्क्रिप्ट करतो, डेटाबेसला फक्त एन्क्रिप्ट झालेली माहिती दिसते. इथे किल्ली मागतो तुमचा ॲप, तुमच्या नेटवर्कमधून. या प्रकारात तुमच्या फायरवॉलचा प्रत्येक नियम महत्त्वाचा ठरतो.

याशिवाय आणखी दोघे असतात, ज्यांना यादीत जागा मिळत नाही. एक म्हणजे तुम्ही स्वतः, किल्ली तयार करायला किंवा बदलायला लॅपटॉपवरून येणारे. दुसरी तुमची डिप्लॉयमेंटची पाइपलाइन, म्हणजे बदल आपोआप लागू करणारी यंत्रणा, जी टेराफॉर्मसारख्या साधनातून किल्ल्या हाताळते. व्हॉल्टला फायरवॉल लागल्यावर पहिली ओरड या दोघांकडून येते, कारण त्यांची विनंती लगेच नाकारली जाते.

प्रत्येक मागणाऱ्यासमोर तीन गोष्टी लिहा: त्याची ओळख कोणती, तो कुठल्या नेटवर्कमधून येतो, आणि त्याला किल्लीवर कोणत्या क्रिया हव्यात.

दुसरी पायरी: व्हॉल्ट आणि किल्ली

हे काम छोटं आहे, पण दोन निवडी नंतर बदलता येत नाहीत किंवा महागात पडतात. व्हॉल्टवर पर्ज प्रोटेक्शन चालू करा. एकदा चालू केलं की ते बंद करता येत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे: पुसलेली किल्ली ठरलेली मुदत संपेपर्यंत कुणालाच, प्रशासकालाही, कायमची नष्ट करता येत नाही. ही मुदत ७ ते ९० दिवसांत ठेवता येते आणि आपण काही न ठरवल्यास ९० दिवस असते. माझ्या मते ९० दिवसच ठेवावेत. टीडीईसाठी स्वतःची किल्ली वापरायची तर पुसलेलं परत मिळवण्याची सोय आणि पर्ज प्रोटेक्शन दोन्ही चालू असणं बंधनकारक आहे.

किल्ली आरएसए प्रकारची, २०४८ किंवा ३०७२ बिटची निवडा. उत्पादनातल्या डेटाबेससाठी वेगळा व्हॉल्ट ठेवा, त्यात ॲपचे पासवर्ड, प्रमाणपत्रं असं दुसरं काही टाकू नका. ॲपसाठी म्हणून दिलेली सूट मग किल्लीलाही लागू होण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी पायरी: ओळख आणि परवानगी

व्हॉल्टला दोन दारं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. एक नेटवर्कचं: विनंती कुठून आली? दुसरं परवानगीचं: विनंती कुणाची आहे? दोन्ही दारं पार केल्याशिवाय किल्ली मिळत नाही. एक सैल केल्याने दुसरं उघडत नाही.

परवानगीच्या दारासाठी डेटाबेस सर्व्हरला मॅनेज्ड आयडेंटिटी, म्हणजे अझूर स्वतः सांभाळते अशी ओळख, द्यावी लागते. तिचे दोन प्रकार आहेत: सर्व्हरसोबत जन्मणारी आणि सर्व्हर पुसला की जाणारी एक, आणि तुम्ही वेगळी तयार करून जोडलेली दुसरी. मी दुसरी सुचवेन, कारण तिला सर्व्हर उभा राहण्याआधीच परवानगी देता येते. पहिल्या प्रकारात आधी सर्व्हर, मग परवानगी, मग किल्ली जोडणं असा क्रम पाळावा लागतो.

या ओळखीला किल्लीवर तीनच क्रिया लागतात: किल्लीची माहिती वाचणं, गुंडाळणं आणि सोडवणं. रोलवर, म्हणजे परवानग्यांच्या तयार संचावर, आधारित परवानग्या वापरत असाल तर 'की व्हॉल्ट क्रिप्टो सर्व्हिस एन्क्रिप्शन युजर' हा रोल नेमका यासाठीच आहे. किल्ली पुसण्याची, नवी बनवण्याची ताकद डेटाबेसच्या ओळखीला कधीही देऊ नका. त्याचप्रमाणे डेटाबेस सांभाळणारी व्यक्ती आणि किल्ली सांभाळणारी व्यक्ती वेगळी ठेवता आली तर जरूर ठेवा. स्वतःची किल्ली वापरण्याचा निम्मा अर्थ या विभागणीत आहे.

रोल दिल्यावर तो लागू व्हायला काही मिनिटं लागतात. लगेच तपासून परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर घाबरून जास्तीचा रोल देऊ नका. थांबा आणि पुन्हा तपासा.

चौथी पायरी: फायरवॉल

की व्हॉल्टच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: सगळ्या नेटवर्कना प्रवेश, निवडक नेटवर्क आणि आयपी पत्त्यांना प्रवेश, किंवा सार्वजनिक प्रवेश पूर्ण बंद. शेवटचे दोन निवडल्यावर खाली एक चौकट असते, विश्वासू मायक्रोसॉफ्ट सेवांना ही फायरवॉल ओलांडू देण्याची. टीडीईची सगळी गोम या चौकटीत आहे. अझूर एसक्यूएल डेटाबेस सेवा तुमच्या व्हर्च्युअल नेटवर्कमध्ये राहत नाही, त्यामुळे तुम्ही सबनेटचा नियम लिहून तिला आत घेऊ शकत नाही. तिच्यासाठी ही चौकट चालू ठेवावी लागते.

अनेकांना इथे खटकतं. मायक्रोसॉफ्टच्या सेवांना सरसकट प्रवेश द्यायचा, मग फायरवॉलचा उपयोग काय? शंका रास्त आहे, पण ही चौकट फक्त नेटवर्कचं दार उघडते, तेही ठरलेल्या यादीतल्या सेवांच्या ठरावीक कामांसाठी. परवानगीचं दार तसंच बंद असतं. दुसऱ्या कुणाच्या एसक्यूएल सर्व्हरला नेटवर्कवरून तुमच्या व्हॉल्टपर्यंत येता आलं तरी त्याच्या ओळखीला तुम्ही रोल दिलेला नाही, म्हणून त्याला किल्ली मिळत नाही. सुरक्षा पथकाने विचारलं तर याच शब्दांत सांगा आणि रोलची यादी सोबत दाखवा.

ही चौकट टाळायची म्हणून काही जण डेटाबेस सेवेचे आयपी पत्ते शोधून व्हॉल्टच्या फायरवॉलमध्ये लिहितात. हे करू नका. ते पत्ते स्थिर राहतील याची हमी नाही, आणि ज्या दिवशी बदलतील त्या दिवशी तुमच्या बाजूने कुणीही काहीही न बदलता डेटाबेस बंद पडेल. असं कोडं सोडवायला सर्वांत अवघड असतं, कारण बदलांच्या नोंदीत काहीच सापडत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही अशीच वाटणारी एक चौकट आहे, अझूर सेवांना या सर्व्हरपर्यंत येऊ देण्याची. तिची दिशा उलटी आहे. व्हॉल्टची चौकट डेटाबेसला व्हॉल्टकडे जाऊ देते, सर्व्हरची चौकट अझूरमधल्या इतरांना तुमच्या डेटाबेसकडे येऊ देते, आणि त्या इतरांत दुसऱ्या ग्राहकांची यंत्रंही आली. किल्लीच्या कामासाठी या दुसऱ्या चौकटीची गरज नाही. किल्ली मिळत नाही म्हणून ती चालू केली असेल तर आजच बंद करा, पण त्याआधी तिच्यावर आणखी काही अवलंबून नाही ना हे पाहा.

आता तुमचा लॅपटॉप. व्हॉल्टची फायरवॉल किल्ल्यांवरच्या क्रियांना लागू होते, व्हॉल्टच्या व्यवस्थापनाला नाही. म्हणून पोर्टलमध्ये व्हॉल्ट दिसतो, त्याची सेटिंग बदलता येतात, पण किल्ल्यांची यादी उघडली की नकार येतो. हा बिघाड नव्हे, फायरवॉल आपलं काम करतेय. यातच एक धोकाही आहे: ज्याला व्हॉल्टचं व्यवस्थापन करण्याची परवानगी आहे तो बाहेरच्या कुठल्याही नेटवर्कमधून फायरवॉलच बंद करू शकतो. त्यामुळे व्यवस्थापनाचा रोल अगदी मोजक्या लोकांकडे असावा. किल्लीच्या कामासाठी नेटवर्कच्या आत एक ठरलेलं यंत्र ठेवा, आणि पाइपलाइनचा रनर, म्हणजे तिची कामं करणारं यंत्र, हाही आतच चालवा. घरचा आयपी पत्ता यादीत टाकणं सोयीचं वाटतं, पण तो बदलत राहतो आणि जुन्या नोंदी कुणी काढत नाही.

पाचवी पायरी: ॲपच किल्ली मागत असेल तर

क्लायंटच्या बाजूचं एन्क्रिप्शन नसेल तर ही पायरी सोडून द्या. असेल तर इथे प्रायव्हेट एंडपॉइंट लागतो: तुमच्या सबनेटमध्ये व्हॉल्टसाठी एक खासगी आयपी पत्ता मिळतो आणि ॲपची विनंती सार्वजनिक इंटरनेटला न शिवता तिथपर्यंत जाते.

एंडपॉइंट तयार करणं सोपं आहे. अडतं ते डीएनएसपाशी, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेपाशी. ॲप नेहमीच्याच नावाने, म्हणजे शेवटी 'व्हॉल्ट डॉट अझूर डॉट नेट' असलेल्या पत्त्याने, व्हॉल्ट शोधतो. हे नाव आता खासगी पत्त्याकडे वळायला हवं. त्यासाठी 'प्रायव्हेटलिंक डॉट व्हॉल्टकोअर डॉट अझूर डॉट नेट' नावाचा खासगी डीएनएस झोन लागतो आणि तो ॲपच्या व्हर्च्युअल नेटवर्कला जोडावा लागतो. झोन तयार झाला पण नेटवर्कला जोडायचा राहिला, हे सर्रास घडतं. संस्थेचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर असेल तर त्याने ही चौकशी अझूरच्या डीएनएसकडे पाठवायला हवी, नाहीतर तो सार्वजनिक पत्ताच सांगत राहील.

तपासणी अगदी साधी आहे. ज्या यंत्रावर ॲप चालतो, नेमकं त्याच यंत्रावरून एनएसलुकअप या आज्ञेने व्हॉल्टचं नाव विचारा. उत्तरात तुमच्या सबनेटमधला खासगी पत्ता आला पाहिजे. सार्वजनिक पत्ता आला तर फायरवॉलकडे पाहूच नका, आधी डीएनएस सुधारा. पत्ता बरोबर असेल तर मग ४४३ पोर्ट उघडा आहे का ते पाहा. हा क्रम उलटा केला की वेळ वाया जातो. एंडपॉइंटच्या खासगी आयपीने थेट व्हॉल्टला बोलावण्याचा मोहही टाळा, प्रमाणपत्रावर नाव असतं, आयपी नसतो, त्यामुळे जोडणी नाकारली जाते.

व्हॉल्टपर्यंत वाट झाली तरी काम संपत नाही. व्हॉल्टला विनंती करण्याआधी ॲपला टोकन, म्हणजे ओळखीचा तात्पुरता पुरावा, मिळवावं लागतं, आणि ते व्हॉल्टकडून मिळत नाही. अझूरमधल्या व्हर्च्युअल मशीनवर मॅनेज्ड आयडेंटिटी असेल तर टोकन १६९.२५४.१६९.२५४ या स्थानिक पत्त्यावरून मिळतं, बाहेरची वाट लागत नाही. मात्र प्रॉक्सी लावलेली असेल तर हा पत्ता तिच्यातून वगळलेला असला पाहिजे. ॲप अझूरबाहेर चालत असेल किंवा सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे ॲपच्या नावाने नोंदवलेली ओळख, वापरत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेपर्यंत बाहेर जाणारी वाट फायरवॉलमध्ये उघडावी लागते. शिवाय मधली एखादी फायरवॉल टीएलएस, म्हणजे वाटेतलं एन्क्रिप्शन, उलगडून तपासत असेल तर व्हॉल्ट आणि लॉगिन सेवा यांना त्या तपासणीतून सूट द्या. तिचं बदललेलं प्रमाणपत्र ॲपला विश्वासू वाटत नाही आणि त्रुटीचा संदेश भलतीकडेच बोट दाखवतो.

सहावी पायरी: जोडा, आणि मग मुद्दाम तोडून पाहा

मे २०१७पासून नव्या अझूर एसक्यूएल डेटाबेसवर टीडीई आपोआप चालू असतं, पण सेवेने सांभाळलेल्या किल्लीने. म्हणून इथे एन्क्रिप्शन चालू करायचं नसतं, फक्त मुख्य किल्ली बदलायची असते. ही निवड साधारणपणे सर्व्हरच्या पातळीवर होते, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस एकाच किल्लीवर उभे राहतात.

चाचणीच्या वातावरणात मी पुढचा क्रम सुचवेन. व्हॉल्ट नेटवर्कसाठी खुला ठेवून आधी परवानगी बरोबर आहे हे सिद्ध करा. मग फायरवॉल लावा. काही तुटलं तर दोष नेटवर्कचाच आहे हे लगेच कळतं. दोन्ही एकदम लावले की कोणतं दार अडवतंय ते समजत नाही. उत्पादनात मात्र फायरवॉल पहिल्या दिवसापासून असू द्या.

नकार आला तर त्याचा कोड वाचा. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही. मात्र लॉगमध्ये एक ४०१ आणि लगेच मागोमाग यशस्वी विनंती दिसली तर काळजी नको. अनेक लायब्ररी पहिली विनंती टोकनशिवाय पाठवतात, टोकन कुठून घ्यायचं ते व्हॉल्टकडून समजून घेतात आणि मग खरी विनंती करतात. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण प्रवेश नाही. त्याच्या आतल्या कोडमध्ये फायरवॉलने अडवलं की रोल नव्हता म्हणून अडलं हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि हे दोन शब्द वाचल्याने अर्धा दिवस वाचतो. नाव सापडत नाही किंवा वेळ संपली अशी त्रुटी असेल तर विनंती व्हॉल्टच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही, तेव्हा डीएनएस आणि वाट तपासा.

सगळं चालू झालं की चाचणीच्या डेटाबेसची परवानगी मुद्दाम काढा आणि घड्याळ लावा. किती मिनिटांनी डेटाबेस बंद होतो, अलर्ट कुणाला जातो, परत जोडायला काय करावं लागतं, हे डोळ्यांनी पाहा. अझूर एसक्यूएलमध्ये ३० मिनिटांच्या आत वाट पूर्ववत केली तर डेटाबेस पुढच्या तासाभरात आपोआप उभा राहतो. त्याहून जास्त वेळ गेला तर पोर्टलमधून किल्लीची पडताळणी स्वतः पुन्हा करावी लागते आणि फेलओव्हर गटाच्या (एक डेटाबेस बंद पडल्यास दुसरा पुढे येण्याच्या सोयीच्या) जोडणीसारखी काही सेटिंग नव्याने करावी लागू शकतात. हा सराव न करता उत्पादनात जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. खऱ्या प्रसंगी पहिली २० मिनिटं काय चाललंय हे समजण्यातच जातात.

एडब्ल्यूएसमध्ये काय वेगळं

आरडीएस या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेसाठी एन्क्रिप्शनचा निर्णय डेटाबेस तयार करतानाच घ्यावा लागतो. आधीच चालू असलेला एन्क्रिप्शन नसलेला डेटाबेस असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन, त्याची एन्क्रिप्ट केलेली प्रत करून, तिच्यातून नवा डेटाबेस उभा करावा लागतो. किल्ली निवडताना स्वतः तयार केलेली घ्या. आरडीएसची आयती किल्ली वापरली तर त्या डेटाबेसच्या स्नॅपशॉटमध्ये दुसऱ्या खात्याला वाटेकरी करता येत नाही.

इथेही मागणारा तोच: आरडीएस सेवा स्वतः केएमएसशी, म्हणजे एडब्ल्यूएसच्या किल्ल्यांच्या सेवेशी, बोलते. तुमच्या व्हीपीसीमधले, म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या खासगी नेटवर्कमधले, सिक्युरिटी ग्रुप नावाचे फायरवॉलचे नियम त्या बोलण्याच्या आड येत नाहीत आणि त्यासाठी केएमएसचा व्हीपीसी एंडपॉइंटही लागत नाही. एंडपॉइंट लागतो तो तुमचा ॲप स्वतः केएमएसला बोलावत असेल तेव्हा. तेव्हा एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ॲपकडून येणारा ४४३ उघडा ठेवा आणि खासगी डीएनएस चालू करा.

नवशिक्यांचा पाय घसरतो तो किल्लीच्या पॉलिसीत, म्हणजे ती कुणी कशी वापरायची हे सांगणाऱ्या नियमांत. किल्ली फक्त आमच्या आयपीवरून किंवा आमच्या एंडपॉइंटमधूनच वापरता यावी, अशी अट चांगल्या हेतूने लिहिली जाते. पण आरडीएस तुमच्या वतीने केएमएसला बोलावते तेव्हा विनंती तुमच्या आयपीवरून येत नाही, म्हणून अट तिलाही अडवते. अशा ठिकाणी केएमएसची 'व्हाया सर्व्हिस' ही अट वापरा: किल्ली या खात्यासाठी, या रीजनमधल्या (डेटा सेंटरच्या समूहातल्या) आरडीएसमार्फतच वापरता येईल. पॉलिसीत नेटवर्कची अट ॲपच्या विधानात, सेवेची अट सेवेच्या विधानात, अशी वाटणी ठेवा.

किल्ली बंद झाली तर बॅकअप चालू असलेला आरडीएस डेटाबेस सात दिवस परत मिळवता येण्याजोग्या अवस्थेत राहतो. त्या काळात किल्ली चालू करून डेटाबेस सुरू करता येतो. त्यानंतर बॅकअपमधून उभा करण्यावाचून मार्ग नसतो, आणि त्यालाही किल्ली लागतेच. किल्ली पुसण्याची विनंती केल्यावर ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा असते. ती ३० दिवसच ठेवा.

गुगल क्लाउडमध्ये

क्लाउड एसक्यूएल या गुगलच्या डेटाबेस सेवेत किल्ली मागतं ते सेवेचं स्वतःचं सर्व्हिस अकाउंट. त्याला किल्लीवर एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट करण्याचा रोल द्या, पूर्ण प्रोजेक्टवर नको. किल्ली आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये असावे लागतात आणि निवड तयार करतानाच होते. नेटवर्कच्या कुंपणासाठी व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्स वापरत असाल आणि किल्ल्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये असतील, जे योग्यच आहे, तर दोन्ही प्रोजेक्ट एकाच कुंपणात घ्या किंवा त्यांच्यात जाण्यायेण्याचा नियम लिहा. आणखी एक गोष्ट: किल्ली कुणी वापरली याच्या नोंदी, म्हणजे डेटा ॲक्सेस लॉग, इथे आपोआप चालू नसतात. त्या स्वतः चालू करा. एडब्ल्यूएसमध्ये क्लाउडट्रेल हे काम करतं, अझूरमध्ये व्हॉल्टचं डायग्नोस्टिक सेटिंग तुम्हाला लॉग साठवण्याच्या ठिकाणाशी जोडावं लागतं.

सातवी पायरी: नजर, बदल आणि जुन्या किल्ल्या

अलर्ट थोडे पण नेमके ठेवा. किल्ली बंद झाली किंवा पुसली गेली, डेटाबेसच्या ओळखीचा रोल काढला गेला, व्हॉल्टची नेटवर्क सेटिंग बदलली, आणि व्हॉल्टच्या लॉगमध्ये डेटाबेसच्या ओळखीला ४०३ आला. या चारांपैकी काहीही झालं तर रात्रीसुद्धा कुणालातरी उठवलं पाहिजे, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं. किल्लीवर मुदत घातली असेल तर ती संपण्याच्या बऱ्याच आधी आठवण येईल अशी सोय करा.

दुसऱ्या रीजनमध्ये फेलओव्हरची सोय असेल तर तिथल्या सर्व्हरच्या ओळखीलाही तीच किल्ली मिळाली पाहिजे आणि तिथल्या व्हॉल्टच्या फायरवॉलमध्येही विश्वासू सेवांची चौकट चालू पाहिजे. ही तपासणी खऱ्या फेलओव्हरच्या दिवशी करायची नसते. अझूरमध्ये किल्लीचा बॅकअप दुसऱ्या व्हॉल्टमध्ये उतरवायचा तर तो व्हॉल्ट त्याच सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे अझूरच्या बिलाच्या खात्यात, आणि त्याच भौगोलिक विभागात असावा लागतो, हे व्हॉल्ट कुठे उभारायचा ते ठरवतानाच ध्यानात घ्या. सबस्क्रिप्शन एका टेनंटमधून, म्हणजे संस्थेच्या ओळखींच्या नोंदवहीतून, दुसऱ्यात हलवण्याचा बेत असेल तर आधी डेटाबेस सेवेच्या किल्लीवर परत न्या. टेनंट बदलला की मॅनेज्ड आयडेंटिटीचे धागे तुटतात.

किल्ली फिरवणं म्हणजे तिची नवी आवृत्ती तयार करून डेटाबेसला तिच्यावर नेणं. हे आपोआप होऊ देता येतं आणि मी तसंच करा म्हणेन, हाताने करायची कामं पुढे ढकलली जातात. पण नवी आवृत्ती आली म्हणून जुनी पुसू नका, बंदही करू नका. जुने बॅकअप ज्या आवृत्तीखाली घेतले गेले तीच त्यांना उघडते. दीर्घ मुदतीचे बॅकअप सात वर्षं ठेवत असाल तर त्या काळातली प्रत्येक आवृत्ती सात वर्षं जिवंत हवी, आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी ओळख, रोल आणि नेटवर्कची वाटसुद्धा. एडब्ल्यूएस केएमएसमध्ये आपोआप फिरणाऱ्या किल्लीचे जुने भाग सेवा स्वतः सांभाळते. तुम्ही संपूर्ण वेगळी किल्ली घेतलीत तर मात्र जुनी जपणं तुमच्याकडे येतं.

एखादा डेटाबेस कायमचा निवृत्त करताना क्रम असा ठेवा: आधी डेटाबेस, मग त्याचे बॅकअप मुदतीनुसार संपू द्या, मग किल्ली फक्त बंद करा आणि काही आठवडे लॉगमध्ये कुणी ती मागतंय का ते पाहा. कुणीच मागितलं नाही की मग किल्ली पुसा, आणि त्यानंतर तिच्यासाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम आणि रोल काढून टाका.